बिनतुपाची वात

माझी बायको शुद्ध शाकाहारी आहे. केकमध्ये अंडं आहे की नाही हे विचारल्याशिवाय ती वाढदिवसाला टाळ्यासुद्धा मनापासून वाजवत नाही. आणि सिंगापूरला आम्ही चार वर्षं राहिलो, त्यातली निम्मी वर्षं तिने मासे पकडण्यात घालवली. ही दोन्ही वाक्यं पाठोपाठ सांगितली की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग तिच्याकडे बघतो आणि हवापाण्याचा विषय काढतो. म्हणून जरा सविस्तरच सांगतो.

दोन हजार तेराच्या सुमाराला माझ्या कंपनीने मला तिकडे पाठवलं. बायको पुण्यातली बँकेची चांगली नोकरी सोडून बरोबर आली. मला कामाचा पास मिळाला आणि तिला ‘डिपेंडंट’ पास. तिने कार्ड उलटसुलट करून पाहिलं, ‘आश्रित’ असं त्याचं मराठी केलं आणि पुढचे काही दिवस मला ‘अन्नदाते, चहा घेणार का?’ असं विचारत राहिली. मी हसायचो. तीही हसायची, पण तिला ते लागलं होतं. तोआ पायोह भागातला आमचा फ्लॅट माझ्या नावावर होता. तिचं बँकेचं कार्ड माझ्या खात्याला जोडलेलं होतं. वायफाय दुरुस्त करायला आलेला माणूसही दारात तिला विचारायचा, सर आहेत का घरी? ज्या बाईने बँकेत अख्ख्या शाखेची कुलपं सांभाळली होती, तिला आता राउटर दाखवण्यासाठी सर लागत होते.

मरीन परेडला आमच्या ओळखीतल्यांचा एक कॉन्डो, म्हणजे बड्या लोकांची सोसायटी, होता. तिथे पंधरा-वीस मराठी घरं जमायची, पाणीपुरी व्हायची, मुलं स्विमिंग पूलमध्ये इंग्रजीत भांडायची. तिथे तिला प्रत्येक वेळी कुणीतरी विचारायचं, “मग तू दिवसभर काय करतेस गं?” विचारणारीच्या मनात वाईट काही नसायचं. एकदा परत येताना बसमध्ये ती म्हणाली, “त्या प्रश्नाला मला उत्तरच देता आलं नाही रे. आणि मला त्याचा राग आला.”

मासे आमच्या आयुष्यात आले ते एका शनिवारी. घराजवळून बसने जाता येईल असं एक रिझर्व्हायर, म्हणजे पाणीपुरवठ्याचा तलाव, होतं. पाण्याच्या कडेने चालायची वाट, मोठी झाडं, आणि मासेमारीला परवानगी असलेला एक ठरावीक तुकडा. तिथे एक गोरा गृहस्थ लांब, लवचीक काठी घेऊन उभा होता. त्याच्या काठीला गळासारखी बारीक दोरी नव्हती, चांगली सुतळीएवढी जाड, पिवळी दोरी होती. तिच्या टोकाला न दिसणारा नायलॉनचा धागा आणि धाग्याच्या टोकाला पिसांचा एक इवलासा किडा, पोटात आकडा दडवलेला. किड्याला वजन काहीच नाही, त्यामुळे फेकायची ती दोरीच. काठी मागे नेली की दोरी हवेत मागे उलगडायची, क्षणभर सरळ व्हायची, आणि मग पुढे. तो किडा पाण्यावर असा उतरायचा की पाण्याला कळायचंही नाही.

मी म्हटलं, चल, भूक लागली. ती हलेना.

“तो लेझीम खेळतोय,” ती म्हणाली.

“काय?”

“मागे, थांब, पुढे. त्या ‘थांब’मध्ये सगळं आहे. शाळेत बाई ओरडायच्या ना, घाई करू नका म्हणून. तेच.”

तिने त्या गृहस्थाला गाठून अर्धा तास प्रश्न विचारले. थंड देशांत डोंगरातल्या ओढ्यांमध्ये ट्राउट नावाचे मासे असतात, त्यांच्यासाठी ही कला निघाली, असं तो म्हणाला. ओढ्यातून ज्या दिवशी ज्या जातीचे किडे पंख फुटून वर येतात, मासा त्या दिवशी फक्त तेच खातो. हुबेहूब तसाच किडा बांधून टाकला तर फसतो, नाहीतर ढुंकून बघत नाही. इथे ट्राउट नाहीत, पण इथलेही मासे काही मूर्ख नाहीत, असंही तो म्हणाला. हे शेवटचं वाक्य तिला फार आवडलं.

महिन्याभरात तिने कुणाची तरी वापरलेली काठी मिळवली आणि आमच्या इमारतीमागच्या हिरवळीवर, आकड्याच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून, सराव सुरू केला. बाकावर बसणाऱ्या चिनी आज्या पंखे हलवत बघत बसायच्या. ती ओठातल्या ओठात लेझमीचे आकडे मोजायची. दोरी आधी तिच्या केसांत अडकली, मग झाडात, मग एका आजीच्या पिशवीत. नंतर एका संध्याकाळी मी ऑफिसातून येताना लांबूनच पाहिलं, ती पिवळी दोरी तिच्या डोक्यावरून मागे गेली, थांबली आणि गवतावर सरळ रेषेत झोपली. मी रस्त्यातच उभा राहिलो. आपली बायको इतकी देखणी आहे हे आपल्याला माहीत असतं, पण ते असं अचानक समोर आलं की गडबडायला होतं. मीही एकदा करून पाहिलं. दोरीने माझ्या गळ्याला तीन वेढे घातले. त्यानंतर माझ्याकडे जाळं धरण्याचं काम आलं.

आता प्रश्न किड्याचा. या किड्यांना इंग्रजीत ‘फ्लाय’ म्हणतात, आम्ही घरात ‘माशी’ म्हणायचो. माशी बांधायला कोंबडीची पिसं, सशाची लव, हरणाचे केस असलं काय काय लागतं. ते सामान घरात येणार नाही, असं तिने जाहीर केलं. मी म्हटलं, अगं, मासा पकडणार आणि पिसाचा विटाळ? ती म्हणाली, मासा मी परत सोडणार आहे, कोंबडीला तिची पिसं परत देणार आहे का कुणी?

एकदा ती मोबाइलवर माशी बांधण्याचा व्हिडिओ बघत होती. त्यातला माणूस बोट ओलं करून धाग्यावर लव पिळत होता, मधे जाड, टोकाला निमुळती. ती एकदम म्हणाली, “अरे, हा वात वळतोय.” आणि उठून देवाच्या कपाटातला कापूस काढला. लिटिल इंडियातल्या त्या रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या मोठ्या दुकानातून आम्ही तो आणायचो. दुधाचं बोट लावून तिने तळहातावर एक वात वळली, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, आणि धाग्याने आकड्यावर बसवली. चहाच्या पाण्यात बुडवून तपकिरी केली. चिवड्याच्या रिकाम्या पिशवीच्या प्लास्टिकचे पंख कातरले. लहानपणी चातुर्मासात आईने हजारांनी वळून घेतलेल्या वाती असल्या कामी येतील असं तिला वाटलं नसणार. तिच्या आईला तर ते अजूनही वाटत नाही. फोनवर त्या म्हणाल्या, “खायचा नाही तर पकडायचा कशाला गं तो मासा?”

“आई, तू रोज शब्दकोडं सोडवतेस. खातेस का ते?”

पलीकडून एवढंच आलं, “जास्त पाण्यात उतरू नकोस.”

वातीच्या माश्यांनी तिने लहानसहान मासे पुष्कळ पकडले. आकड्याचा उलटा काटा ती पकडीने चेपून टाकायची, म्हणजे तोंड फाटत नाही. ओल्या हाताने मासा धरायचा, आकडा काढायचा, बघायचं, सोडायचं. पण त्या रिझर्व्हायरला एक लहान ओढा येऊन मिळतो तिथे, पाण्यावर वाकलेल्या झाडाखाली, गुरामी जातीचा एक मासा राहायचा. राखाडी, परातीएवढा, जाड ओठांचा, तोंडावर सदा ‘हे मला चालणार नाही’ असा भाव. पाण्यात पडलेली पानं-फळं सावकाश चघळत असायचा. तिथे रोज येणारे एक चिनी काका होते. आपली मोठाली चमकदार प्लास्टिकची आमिषं घेऊन ते दुसरेच मासे पकडायचे. ते तिथल्या इंग्रजीत म्हणायचे, “दॅट वन कॅनॉट लाह. टू क्लेव्हर.” म्हणायचे ते मला. काठी तिच्या हातात, भिजलेले बूट तिचे, आणि काका येऊन मला विचारायचे, आज तुझ्या बायकोला काही मिळालं का? मी म्हणायचो, तिला विचारा. ते मान हलवून हसायचे आणि तिला न विचारता निघून जायचे.

तो गुरामी किडे खातो हे तिने शोधलं. तिथे जोराची सर पडून उघडलं की काही संध्याकाळी जमिनीतून वाळवीची पंखवाली पाखरं निघतात. हजारोंनी वर उठतात, दिव्यांकडे झेपावतात. आमच्या इमारतीत अशा वेळी मजल्यामागून मजला दिवे विझत जायचे. पाखरं पाण्यावरही पडतात. वर्षातून अशा संध्याकाळी थोड्याच, आणि प्रत्येक वेळी खेळ अर्ध्या तासात आटोपतो. तेवढा वेळ गुरामी वर येतो आणि ओठ पुढे काढून, गरम चहा फुरकावा तसा एकेक किडा आत ओढतो. बाकी सगळे दिवस त्याला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं.

पहिली अशी संध्याकाळ सापडली तेव्हा तिची तयारी जय्यत होती. वाळवीची माशी इतकी हुबेहूब की मी टेबलावर पाहून चप्पल उगारली होती. ती पाण्यावर तरंगावी म्हणून तिने एक युक्ती केली होती: वात तुपात भिजवली होती. मी नियम पाळणारा माणूस. तिथे फलक होता, फक्त कृत्रिम आमिष वापरावे. परक्या देशात पासवर राहणाऱ्याला असले फलक झोपेतही दिसतात.

“तूप कृत्रिम आहे का?” मी हळूच विचारलं.

“घरचं कढवलेलं आहे. कृत्रिम कसं असेल?”

“तेच म्हणतोय मी.”

“मग कुणाला सांगू नकोस,” ती म्हणाली आणि दोरी सोडली.

माशी त्याच्या नाकासमोर उतरली. तुपामुळे डौलात तरंगली. गुरामी वर आला, तिच्याखाली थांबला, बघितलं, आणि शेजारची खरी वाळवी उचलून निघून गेला. परत टाकली. परत तेच. पाचदहा वेळा त्याने तिचा असा पाणउतारा केला, आणि पाखरं संपली. परतताना मी म्हटलं, कुठे माशी शिंकली कोण जाणे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचे तीन थांबे मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पुढच्या वेळीही तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्याही.

मग माझं तिथलं काम संपत आल्याचं कळलं. परत पुण्याला. मला घरी जायचा आनंद होता, तो मी लपवलाही नाही. ती सामान बांधायला लागली. भांडी कागदात गुंडाळताना एकदम म्हणाली, “मला तो मासा पाहिजे.”

“अगं, पुण्याजवळही नद्या आहेत.”

“तो मासा,” ती म्हणाली. “इथलं सगळं मला तुझ्यामुळे मिळालं. घर, कार्ड, ओळखी, सगळं. तू चांगला आहेस, तुझी काही तक्रार नाही. पण मला इथून एक गोष्ट अशी घेऊन जायचीय की ती फक्त मी केली. तू मधे असणार नाहीस अशी.”

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ती बरोबर बोलत होती. मी म्हटलं, जाळं तरी धरू का? ती म्हणाली, बघू.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी पाखरं आमच्याच स्वयंपाकघरात घुसली. आम्ही सगळे दिवे घालवून एकाच ट्यूबखाली पाण्याची परात ठेवली. प्रकाशाचं प्रतिबिंब पडतं तिथे ती येऊन पडतात, हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं. सकाळी मी परात मोरीत ओतणार, तर ती ओरडली, “हात लावू नकोस.” परातीसमोर ती चहा गार होईपर्यंत बसून राहिली. मग मला बोलावलं.

“काय दिसतंय?”

“मेलेली वाळवी.”

“नीट बघ. पाण्यावर काय आहे? नुसते पंख. गळून पडलेले. आणि किडे कुठे आहेत?”

किडे पाण्याखाली होते. काही तळाला, काही पृष्ठभागाच्या जरा खाली लोंबत. पाण्यात पडल्यावर वाळवी पंख टाकून देते आणि भिजून बुडायला लागते. गुरामी फुरकत होता ते हे अर्धवट बुडालेले, बिनपंखाचे किडे. वरचे तरंगणारे पंख त्याच्या दृष्टीने टरफलं होती. आणि ती इतके महिने त्याला तुपात माखलेलं, पंख पसरून दिमाखात तरंगणारं टरफल वाढत होती.

“पंखांचं एक वेळ ठीक आहे,” ती कपाळावर हात मारून म्हणाली, “पण तूप मी का लावलं माहितीये? वात आहे म्हणून. वात हातात आली की तूप. डोक्यात दुसरं आलंच नाही माझ्या. चिनी किंवा गोऱ्या माणसाने ही चूक केलीच नसती.” आणि हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला तिचं हे फार आवडतं. माझी एवढी मोठी चूक निघाली असती तर मी दोन दिवस कुणाशी बोललो नसतो.

दुपारभर बसून तिने नव्या वाती वळल्या. पंख नाहीत, तूप नाही. चहात रंगवलेला नुसता कापूस, पाण्याने आधीच भिजवलेला. दिसायला काहीच नाही. माशी म्हणून कुणी उचललीही नसती.

त्यानंतर बरेच दिवस पाऊसच नाही. आमचे खोके भरून दाराशी उभे राहिले. ती आकाशाकडे बघायची आणि मी तिच्याकडे. मी तर ऑफिसच्या खिडकीतून ढग शोधायला लागलो होतो. माझ्यासाठी त्या मुक्कामात दुसरं काही उरलं नव्हतं, तिला तो मासा मिळाला पाहिजे एवढंच होतं. अखेर निघायला थोडेच दिवस असताना एका दुपारी सर आली आणि चारच्या सुमाराला उघडली. मीटिंग चालू असताना तिचा मेसेज आला: निघाले. मी पोट बिघडल्याचं सांगून सुटलो.

मी पोचलो तेव्हा ढगांमुळे उजेड मंदावला होता आणि ओढ्याच्या तोंडाशी पाखरं धुक्यासारखी उठली होती. ती गुडघ्यापर्यंत चिखलात, कडेला. पलीकडे काका. गुरामी वर आला होता. तिने दोरी सोडली. वात पाण्याला लागली आणि नाहीशी झाली. बघायला काहीच उरलं नाही, आणि तिने काहीच केलं नाही. नुसती उभी. मग पिवळ्या दोरीचं टोक, अगदी जराशाने, पुढे सरकलं. तिने काठी उचलली.

काठी वाकली ती मुठीपर्यंत. मासा आधी आत, खोल पाण्याकडे गेला, दोरी सरसर सुटत गेली. मग वळला आणि सरळ त्या वाकलेल्या झाडाच्या मुळांत घुसला. दोरी अडकली. मी जाळं घेऊन पाण्यात दोन पावलं टाकलीच होती.

“मागे हो,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

“अगं, ओढ, तुटेल नाहीतर—”

“मागे हो. आणि जाळं दे इकडे.”

मी जाळं दिलं आणि मागे झालो. तिने दोरी ओढली नाही. उलट सैल सोडली. हातातून वावभर दोरी पाण्यात मोकळी पडू दिली. मला वाटलं, सोडून दिला हिने. काकांनीही मान हलवली. तशी ती उभी राहिली, आणि ओढ थांबली म्हणून म्हणा किंवा काय, तो मासा आपल्या पावली, सावकाश, मुळांतून बाहेर आला. तिने दोरी हलकेच गोळा केली. त्यानंतर पुष्कळ वेळ गेला, पण मासा आता तिचाच, हे मला तेव्हाच कळलं होतं. शेवटी तिने डाव्या हाताने जाळं त्याच्याखाली सरकवलं.

ती चिखलात गुडघे टेकून बसली. आकडा काढला. दोन्ही हातांनी त्याला पाण्यातच धरून ठेवलं, दम खाऊ दिला. तो जाड ओठ उघडमीट करत होता. मी फोन काढला, हात ओले, फोन उघडेना. तोवर तिने हात मोकळे केले आणि तो गेला.

“फोटो राहिला,” मी म्हटलं. मला रडू येत होतं.

“राहू दे,” ती म्हणाली.

काका त्यांची काठी टाकून आमच्याकडे येत होते. मी सवयीने पुढे झालो. ते माझ्या शेजारून गेले, तिच्यासमोर थांबले आणि म्हणाले, “व्हॉट यू यूज?”

तिने वातींची डबी उघडली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एक वात चिमटीत धरली, उलटी केली, बोटाने दाबली. कापूस? कापूस. बुडतो? बुडायलाच हवा. आणि मग दोरी सैल का सोडली? ती सांगायला लागली, पंख, परात, मुळं, सगळं. ते मधेच अडवून पुन्हा विचारत होते आणि ती पुन्हा सांगत होती, तिच्या बँकेतल्या आवाजात, जो मी फार दिवसांत ऐकला नव्हता. अंधारायला लागलं. मी छत्री, पिशवी, ओलं जाळं घेऊन ताटकळत होतो. त्या दोघांपैकी एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही.

“बस आली गं,” मी अखेर म्हटलं.

“तू हो पुढे,” ती डबीतून मान वर न करता म्हणाली. “यांना एक वळून दाखवते आणि येते.”

मी एकटाच बसमध्ये चढलो. खिडकीतून ते दोघं दिव्याखाली डबीवर वाकलेले दिसत होते. त्या देशात कुणीतरी मला सोडून तिच्यासाठी थांबलं होतं. मला फार बरं वाटलं.